हरणीला मारलेली हाक

लांडगा बघायला तिकीट काढायचं, हे माझ्या सासऱ्यांना कळलं असतं तर ते हसून हसून खाटंवरनं खाली आले असते. त्यांचा सगळा जन्म लांडग्यापासनं मेंढरं राखण्यात गेला. पण आमी गेलो बघा. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघीच. आणि खरं सांगायचं तर लांडग्यासाठी गेलोच नव्हतो. आमची एक हरणी तिथं होती, तिच्यासाठी गेलो होतो. आमची म्हणायचं का नाही, ते सगळं वाचून तुमीच ठरवा.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सोनारीच्या वाटंला. जमीन थोडी, माळ जास्ती. माझे मालक शेती बघतात आणि धाकटे दीर मेंढरं घेऊन फिरायचे. दिवाळी झाली की कळप बाहेर पडायचा तो पावसाच्या तोंडाला परत यायचा. धाकटी त्यांच्या संगं. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि मागनं चालायचं. तिची एकच लेक, ती आता कळंबला नांदती. पण लेक लहान असतानासुद्धा धाकटीच्या पदराखाली लेकीबरोबर एखादं कोकरू हमखास असायचं.

हे कोकराचं जरा सांगावं लागंल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मेंढी कधी कधी आपलं कोकरू घेत नाही. जुळं झालं तर एकाला पाजती आणि दुसऱ्याला लाथ मारती. कधी मेंढीच मरून जाती. असलं पोरकं कोकरू आमच्यात बाईच्या वाट्याला येतं. मग ती बाई आपल्या घामाचा पदर त्याच्या नाकाला चोळती. वास एकदा ओळखला की ते तिला चिकटतं आणि चिकटलं तरच जगतं. दूध पाजताना त्याला एक हाक लावायची. त्या कोकराची ती वेगळी, दुसऱ्या कुणाला ती मारायची नाही. हाक आली की कुठनंही उड्या मारत येतं.

पण ते झाडपाला खायला लागलं की त्याला तोडावं लागतं. लेकराचं अंगावरचं दूध तोडतात ना, तसंच. बाईनं मग आठ-पंधरा दिवस त्याच्या नजरंला पडायचं नाही. जवळपास माहेर असलं तर माहेरी जायचं. ओरडतं बिचारं, पण हळूहळू कळपात शिरतं. आणि एकदा तोडलं की ती हाक त्याला जन्मात परत मारायची नाही. मारली तर झालंच. कळप सोडून येतं आणि तुमच्या पायाशी बसतं, चरायला म्हणून जात नाही. धाकटीनं किती कोकरं वाढवली आणि किती तोडली, ह्याचा हिशोब तिलाही सांगता यायचा नाही. तोडल्यावर एक-दोन दिवस तिला जेवण जायचं नाही, तेवढं मला माहीत आहे.

मग दीर गेले. सकाळी चहा घेतला, काठी उचलली आणि दारातच खाली बसले. ते बसले ते बसलेच. कळपामागं फिरणारं घरात दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून मेंढरं विकली. टेम्पोत चढवताना धाकटी बाहेर आली नाही. चुलीपुढं बसून होती आणि चूल काही पेटलेली नव्हती.

तिच्या हाताला काम नाही, असं मी पहिल्यांदाच बघितलं. शेतात यायची, खुरपायची, घरी यायची. बोलायची पण. पण मधीच हात थांबायचा तिचा, जणू काहीतरी राहून गेलंय.

पुढच्या थंडीत आमच्या हरभऱ्यात कुत्र्यांनी हरणी धरली. गावातलीच मोकाट कुत्री. आमी दगडं मारत पळत गेलो तवर कारभार आटपला होता. मालक कुत्र्यांमागं गेले. धाकटी मात्र बांधाच्या गवतात वाकून काहीतरी बघत होती. पाडस होतं. जमिनीला पोट लावून, मान लांब करून, मेल्यासारखं पडलेलं. हरणीनं ते तिथं लपवलेलं. धाकटीनं काही विचारलं नाही. पदरात गुंडाळलं आणि घराकडं निघाली.

मालक मागनं आले आणि म्हणाले, "ते कोकरू न्हाय. रानचं हाय. फॉरेस्टवाल्यांना कळवलं पाहिजे."

आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. ती मला म्हणाली, "आक्का, त्यास्नी सांगा, आधी जगू द्या. मग कुणालाबी कळवा."

मालक मला म्हणाले, "तिला सांग, गुन्हा असतोय."

"त्यास्नी सांगा, आईबिगर मरू द्यायचं ह्यो गुन्हा नसतोय का?"

मी मधी उभी. दोघं एकमेकांपासनं दोन हातांवर. मी म्हटलं, "तुमाला दोघांना ऐकू येतंय की, मला कशाला टपाल करताय?"

तेवढ्यावर मालक गप झाले. आणि धाकटीनं पाडसाला वाढवलं, तिला जसं येत होतं तसं. शेळीचं दूध, बाटली, आणि घामाचा पदर नाकाला. कोकराला वाढवायची रीत तिनं हरणाला लावली. त्यात काय चुकतंय, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कोकराला माणसाची सवय लागली तर बिघडत नाही, त्याला माणसातच राहायचं असतं. हरणाचं तसं नाही. पण हे आता सुचतंय.

तिनं त्याला हाकही लावली. कशी होती ती हाक, ते मी लिहीत नाही. तसं मी सगळंच लिहिती, मला कुठं थांबावं कळत नाही असं घरात म्हणतात. पण तेवढं राहू द्या. सकाळ-संध्याकाळ ती हाक आमच्या अंगणात ऐकू यायची आणि ते टणाटणा उड्या मारत यायचं. एकदा तारेच्या कुंपणात कान फाटला त्याचा. धाकटीनं हळद भरली आणि रात्रभर... असो.

पावसाळा लागला तसं मालकांनी फॉरेस्टमध्ये कळवलं. बरोबरच केलं त्यांनी, मी त्यांना दोष देत नाही. गावात कुत्री तीच होती. जीप आली, हरणीला प्राणिसंग्रहालयात ठेवणार म्हणाले. माणसं चांगली होती, ओरडली नाहीत, एकानं तर "आजी, तुमी जगवलं म्हणून जगलं" असं म्हटलं. धाकटी मधल्या खोलीत जाऊन बसली. हरणी जीपमधनं ओरडत होती. हरणाचा आवाज कधी ऐकलाय का तुमी? मी त्या दिवशी ऐकला.

मग दीडेक वर्ष धाकटीनं तोंडातनं नाव काढलं नाही. ह्या साली संक्रांत झाल्यावर एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "आक्का, एकदा बघून यावं वाटतंय. नुसतं बघून."

म्हणून गेलो. दोन एस.टी. बदलल्या आणि शेवटी एका रिक्षावाल्यानं माळावर नेऊन सोडलं.

ते प्राणिसंग्रहालय वेगळंच आहे. तिथं सिंह नाही, हत्ती नाही, जिराफ नाही. फक्त आपल्या मुलखातली जनावरं. बरीचशी जखमी होऊन आलेली. विहिरीत पडलेलं तरस, गाडीची धडक बसलेलं खोकड, फाशात पाय गेलेलं साळींदर. आमच्या पुढं एक शहरातलं कुटुंब होतं. त्यातला माणूस दारावरच्या शिपायाशी भांडत होता, "अहो, माकडसुद्धा नाही म्हणता? मग लेकरांनी बघायचं काय?"

शिपाई म्हणाला, "घोरपड बघा की."

"घोरपड आमच्या बाथरूमात निघती!"

मी हसले. धाकटी हसली नाही. तिचं लक्ष लांब कुठंतरी होतं.

लांडग्यापाशी मात्र ती थांबली. दोन लांडगे बाभळीच्या सावलीला झोपलेले. एकानं डोळा उघडला, आमच्याकडं बघितलं आणि परत मिटला. ती किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उन्हाचं असंच पडतेत. आपल्याला वाटायचं, आता काय येत न्हाय. आन् ह्यांनी म्हणायचं, झोपला न्हाय, मेंढरं मोजतोय."

ह्यांनी म्हणजे माझे दीर. नवऱ्याची आठवण तिनं काढली ती एका लांडग्यापुढं, आणि ते गेल्यावर मी पहिल्यांदाच ऐकली.  

मग हरणांचं कुंपण आलं. काळवीट होते, हरण्या होत्या. धाकटीनं एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "ह्यात न्हाय."

"अगं नीट बघ तरी. वाढली असंल."

"न्हाय आक्का. ह्यात न्हाय."

 मी शिपायाला विचारलं, फाटक्या कानाची, परंड्याकडनं आणलेली. त्यानं फोन लावला आणि आम्हाला लिंबाखाली बसवलं. थोड्या वेळानं जनावरांची डॉक्टरीण स्कुटीवर आली. लहान वयाची, माझ्या नातीएवढी असंल. धाकटीकडं बघून म्हणाली, "पाडस वाढवलेल्या मावशी तुम्हीच का? बरं झालं आलात. खरं तर मीच तुमच्याकडं येणार होते."

"जिती हाय ना?" धाकटीनं एवढंच विचारलं.

"आहे. चांगली आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. काही हरणं आता मोकळ्या माळरानात, अभयारण्यात सोडायची होती. ती मागच्या बाजूला वेगळी ठेवलेली, चहूबाजूंनी हिरवी जाळी, माणसांनी तिकडं फिरकायचं नाही. माणसाची सवय सुटावी म्हणून. आमची हरणी त्यांच्यात होती. "आली तेव्हा फार अवघड होतं," डॉक्टरीण म्हणाली. "कुठलीही लुगडं नेसलेली बाई दिसली की कुंपणाला येऊन नाक लावायची. तासन्‌तास उभी राहायची. आता येत नाही. आमच्या झाडणाऱ्या मावशींकडं नाही, माझ्याकडं नाही, बाटली दाखवली तरी नाही. फक्त एकच गोष्ट राहिलीय."

"काय?"

"तुम्ही. तुमच्या आवाजाला आली, तर तिला सोडता येणार नाही. माणसाकडं जाणारं हरीण माळावर जगत नाही मावशी. गावात शिरतं. कुत्री असतात."

कुत्र्यांचं आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आली तर मग काय करता?" मी विचारलं.

"मग ती कायमची इथंच राहील, बाहेरच्या कुंपणात. त्याला काही वाईट म्हणता येणार नाही. खायला मिळेल, औषध मिळेल. आणि मावशींना केव्हाही येऊन बघता येईल." मग ती धाकटीला म्हणाली, "तुम्ही तिला हाक कशी मारायचा, तशीच आज मारून बघायची. आडोशामागनं. माराल?"

धाकटीनं पदर डोक्यावर सारखा केला. "चला," म्हणाली.

चालताना मला कळत होतं काय होणार ते. ती हाक ऐकली की हरणी येणार. दीड वर्ष काय आणि दहा वर्षं काय. कोकरं मी बघितलेली आहेत. आणि खोटं कशाला बोलू, मला मनातनं बरं वाटलं. येईल, जाळीला नाक लावंल, धाकटी हात लावंल. मग दर वर्षी दोघी येऊ, डबा बांधून. हिच्या हाताला काही तरी काम होईल. हे सगळं माझ्या मनात तयार झालं त्या दोन मिनिटांत.

जाळीला एक फट होती. पलीकडं मोठं रान, पिवळं गवत, मधी बोरीची झुडपं. हरणं लांब चरत होती. "ती बघा, ती..." डॉक्टरीण दाखवायला लागली, तर धाकटी हलक्या आवाजात म्हणाली, "दिसली." कान दिसायच्या आधीच तिनं ओळखलं होतं. मला मेलीला सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

उंच झाली होती. अंगावर तकाकी होती. शेळीच्या दुधावर वाढलेलं ते काटकुळं पाडस कुठं आणि ही कुठं.

"मारा मावशी," डॉक्टरीण म्हणाली. "रोज मारायचा तशीच."

धाकटीनं जाळीचा खांब धरला. बराच वेळ ती नुसती बघत होती.  मग धाकटीनं हाक मारली. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं.

"ये बाय ये! ये गं ये!"

मी गर्रकन तिच्या तोंडाकडं बघितलं. ही हाक हरणीची नव्हतीच. आमच्या मागल्या घरची बाई तिच्या कालवडीला रोज मारती, ती ही हाक. हरणीची हाक अशी नव्हती, त्यात असले शब्दच नव्हते. धाकटीनं माझ्याकडं बघितलं नाही.

सगळ्या कळपानं माना वर केल्या. आमच्या हरणीनं पण. बाकीच्यांनी जरा वेळानं परत गवतात तोंडं घातली, हिनं घातलं नाही. कान पुढं करून आडोशाकडंच बघत राहिली. आवाज तर धाकटीचाच होता ना. एक पाय उचलला तिनं.  मला वाटलं, आता येती.

"आणखी एकदा," डॉक्टरीण कुजबुजली.

"ये बाय ये! ये गं ये!" तशीच. जराही कमी-जास्त नाही.

हरणीनं उचललेला पाय जमिनीवर आपटला, नाकातनं फुर्र केलं, आणि वळून दुसऱ्या हरणांच्या पलीकडं निघून गेली.

डॉक्टरणीनं धाकटीचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पोरगी मायाळू होती. "विसरली हो मावशी. वाईट वाटून घेऊ नका. चांगलं झालं."

"व्हय," धाकटी म्हणाली. "विसरली."

आमी पाणी प्यालो. डॉक्टरणीनं आमच्याकडनं नंबर घेतला, तिचा दिला, स्टँडपर्यंत सोडायला गाडी दिली. एस.टी. परंड्याच्या रस्त्याला लागंपर्यंत मी दम धरला. पुढं धरवला नाही.

"ती हाक तिची न्हवती."

"न्हवती."

"मग त्या बाईला फसवलंस की गं."

"आक्का, तोडलेल्याला हाक मारतेत व्हय?"

"तोडलं कधी हुतं तू? जीप आली आन् घेऊन गेली. तू तर मधल्या खोलीत हुतीस."

ती खिडकीतनं बाहेर बघत होती. "मग आज तोडलं," म्हणाली.

मग परत माझं सुरू. "आन् माणसाकडं गेली तर? कुत्र्यांनी धरलं तर? आवाजाला पाय उचलला तिनं, म्या बघितलाय. तू बी बघितलास."

तिनं खिडकीची काच ओढून घेतली. घरी आल्यावर दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. डॉक्टरणीचा नंबर माझ्याच फोनात. कितीदा काढला आणि कितीदा ठेवला. सांगावं का, की बाई, ती परीक्षा खरी नव्हती, हरणीला सोडू नका? सोडली आणि तिच्या आईसारखं झालं तर ते कुणाच्या माथ्यावर? मालकांना विचारलं. ते म्हणाले, "हाक तिची, जनावर तिनं वाढवलेलं. तुला त्यात काय करायचंय?" आणि जरा थांबून म्हणाले, "म्या तिच्याजागी असतो तर खरी हाक मारली असती. ऱ्हावलं नसतं." हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं, धाकटी पडवीत असताना. तिनं ऐकलं असंल.

मी फोन केला नाही.

हरभरा निघाला, ज्वारी निघाली. उन्हं तापायला लागली. एक दिवस दुपारी डॉक्टरणीचाच फोन आला. हरणं सोडून बरेच दिवस झाले होते म्हणे. रोज लांबनं दुर्बिणीतनं बघत होते ते लोक. यायचं का बघायला, असं ती विचारत होती, गाडी पाठवते म्हणाली. मी फोन धाकटीला दिला.

धाकटी म्हणाली, "न्हाय बाई. म्या येत न्हाय." मग जरा दम खाऊन तिनं विचारलं, "दुपारची बसतेत ना सगळी? तवा आमची कुठं बसती? कळपाच्या मधी का कडंला?"

हातावर वाढवलेलं कोकरू कळपात गेलं तरी पहिल्यांदा कडंलाच बसतं. तोंड घराकडं करून. ज्याचं खरंच तुटलं ते मधी जाऊन बसतं, दुसऱ्यांच्या अंगाला अंग लावून. हे आमच्यातल्या पोराटोरालाही ठाऊक असतं, पण त्या पोरीला काय कळणार? ती पलीकडं थांबली. आठवत असंल. 

फोनचा आवाज मोठा होता, मला स्पष्ट ऐकू आलं. "मधे," ती म्हणाली. "हो, मधेच. कालच फोटो काढलाय. दोन हरण्यांच्या मधे बसलीय. म्हणून तर पटकन सापडत नाही आम्हाला."

धाकटीनं फोन माझ्या हातात दिला.

"बोला आक्का तुमी," ती म्हणाली. "मला आता काय इचारायचं न्हाय."